मारोतरावांची दीड फूट माती

मातीचा ढीग जागेवर नव्हता. मी नकाशा उलटसुलट करून पाहिला, मोबाइलवर लोकेशन तपासलं. जागा तीच होती. फक्त ढीग नव्हता.

ऑगस्ट महिना, समुद्रपूर तालुक्यातली मुरमाची खदान. तिचा मायनिंग प्लॅन मीच केलेला. कुठून खोदायचं, किती खोल जायचं आणि शेवटी जमीन पुन्हा कामाची कशी करायची, हे त्यात मांडायचं असतं. त्या शेवटच्या भागाला रेक्लमेशन म्हणतात. खरं सांगायचं तर ते प्रकरण कोणी वाचत नाही. मारोतरावांनी वाचलं होतं.

शेत त्यांचं. मधला एकरभर तुकडा उंचवट्याचा, विहिरीचं पाणी तिथं चढत नसे. रस्त्याच्या ठेकेदाराला खालचा मुरूम हवा होता. उंचवटा निघाला की शेत सपाट होणार होतं. आमच्याकडे असे सौदे नेहमीचेच. मारोतरावांची अट एकच, वरची काळी माती परत टाकायची. ती माती मुळात तिथली नव्हतीच. उन्हाळ्यामागून उन्हाळे त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं तलावातला गाळ बैलबंडीनं आणून त्या मुरमाड तुकड्यावर दीड फूट माती केली होती. बायको वारून तेव्हा वर्ष झालं होतं.

मी साइट पाहिली ती मे महिन्यात. टॉपसॉइल, म्हणजे वरची सुपीक माती, आधी सोलून बाजूला ढीग लावतात. ढिगासाठी मी खालच्या धुऱ्याजवळची, म्हणजे बांधालगतची, जागा धरली. नांगरलेली, सपाट, टिपरच्या वाटेत न येणारी.

"साहेब, इथं नका ठेवू," मारोतराव म्हणाले. "पान्याच्या दिवसात इथून नाला वाह्यते."

"कुठे आहे नाला?"

"आता कुठून दिसन? नांगरून टाकला न."

कपाशीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, जास्त मिळतात म्हणून आमच्याकडे लोक उथळ नालाही नांगरून घेतात. पाण्यानं नेलं तर नेलं. हे मला माहीत होतं. तरी मी लॅपटॉप उघडून ड्रोनचा सर्व्हे दाखवला. त्यात नाला नव्हता. नांगरलेल्या शेतात तो दिसणार कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"मशीनला दिसत नाही, मारोतराव."

"मंग ठीक हाय. तुमी शिकेल लोकं."

शेवटच्या नकाशाची प्रत मी त्यांना दिली. सपाट झालेलं शेत, त्यात हिरवा रंग. त्यांनी ती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.

ठेकेदारानं महिन्याभरात मुरूम उचलला आणि माती परत भरण्यासाठी तिथं शेतापेक्षा खोल खड्डा ठेवला. माती दिवाळीनंतर पसरायची होती. जुलैत नाला आपल्या जुन्या वाटेनं गेला आणि ढीग घेऊन गेला.

"मी तुमच्या नकाशाप्रमाणंच ढीग लावला होता," ठेकेदार म्हणाला. खरंच होतं ते.

"तलावातला गाळ आणून टाका," मी म्हणालो.

"प्लॅनमध्ये लिहिलंय का तसं?"

लिहिलं नव्हतं.

"मग खड्ड्यात पाणी आहेच. शेततळं दाखवून टाका."

नियमात ते बसत होतं. मीही क्लोजर रिपोर्टमध्ये, म्हणजे खदान बंद करतानाच्या अहवालात, तसंच लिहिलं. याची मला आजही लाज वाटते.

ठेकेदार गेल्यावर मारोतरावांजवळ गेलो. "चूक माझी आहे," म्हणालो.

ते खड्ड्यातल्या पाण्याकडे पाहत होते. "गाळ तलावात हाय अजून. पन मले एकट्याले आता बंडी भरनं होत नाई." मग त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. "साहेब, हा हिरवा रंग कोन्त्या पिकाचा होता?"

कोणत्याच पिकाचा नव्हता. तो सॉफ्टवेअरमधला रंग होता.

क्लोजर रिपोर्ट एकही शेरा न येता मंजूर झाला. त्या तुकड्याला पाणी हवं म्हणून माणसानं उंचवटा खोदू दिला. आता तिथं पाणीच पाणी आहे, तुकडा नाही. हल्ली मी प्रत्येक साइट पावसाळ्यातही पाहतो आणि लॅपटॉप उघडण्याआधी शेतमालकाचं ऐकून घेतो. मारोतरावांना त्याचा काही उपयोग नाही.