हेल्मेटातली राणी पाकोळी

कोल्हापुरात हेल्मेट विकत घेतात आणि जपून ठेवतात. डोक्यावर घालून कुणी झिजवत नाही. माझंही बावड्यातल्या आमच्या गॅलरीत, लिंबाच्या कुंडीशेजारी खिळ्याला लटकलेलं असायचं.

त्या लिंबावर राणी पाकोळीनं अंडी घातली. हे फुलपाखरू खरं राधानगरीकडच्या दाट रानातलं, पण अंडी घालायला लिंबू दिसला की गावातही येतं. अंड्यांतनं अळ्या निघाल्या त्या हुबेहूब पाखरानं शिटल्यासारख्या. मी ओलं फडकं घेतलं, पानं लख्ख पुसली आणि बायकोला कौतुकानं दाखवली. ती रोज उठून त्याच अळ्या बघायला यायची, हे मला तेव्हा कळलं. मलाच काय, खालच्या मजल्यालाही कळलं.

एकच अळी वाचली. खाऊन खाऊन हिरवीगार, गलेलठ्ठ झाली. बोट लावलं की डोक्यातनं तांबडी शिंगं काढून घाण वास सोडायची. मग एके दिवशी खाणं टाकून कुंडीवरनं उतरली, अख्खी भिंत चढली आणि नेमकी माझ्या हेल्मेटात शिरली. तिथं कमरेला रेशमी दोरा बांधून तिचा कोष झाला.

"हेल्मेटाला हात लावायचा न्हाय," बायकोनं बजावलं. "ह्येला काय झालं तर बघा!"

त्याच आठवड्यात पोलिसानं मला चौकात अडवलं.

"पावणं, हेल्मेट?"

"आहे की. घरी आहे. त्यात फुलपाखरू झोपलंय."

त्यानं माझं तोंड हुंगलं. "सकाळ सकाळी?"

पावती घेऊन मी घरी आलो.

पुढं कोष काळसर पडला आणि एका सकाळी फुटला. बाहेर आलं ते ओल्या चिंधीसारखं. पंख पार चुरगळलेले! मला वाटलं, हेल्मेट अरुंद पडलं, आता हे असंच वाळणार. मी अलगद बाहेर काढायला बोटं पुढं केली.

"अवो, हात मागं! आधीच्यांची केलीसा तेवढी सेवा बास झाली!"

मी शाळेतल्यासारखे हात मागं बांधले. फुलपाखरू सरकत हेल्मेटाच्या काठावर आलं, उलटं लटकलं, आणि पंख हळूहळू भरू लागले. काळे मखमली, खाली निळी झळाळी.

"गडी हाय की ह्यो!" बायको म्हणाली. नाव राणी आणि निघाला गडी.

उन्हं वर आल्यावर त्यानं पंख दोनदा उघडमीट करून बघितले आणि समोरच्या टाकीवरनं निघून गेला. बायको कितीतरी वेळ तिकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"बघितलासा? तुमी काय केलं न्हाईसा, म्हणून किती ब्येस झालं!"