शेजारच्याची दोन बोटं

मी डोंगरातली शाळा मागून घेतली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. निर्मल शहरात माझी शाळा घराच्या गल्लीच्या टोकाला होती. ती सोडून मी बदल्यांच्या यादीत पहिली पसंती लिहिली ती डोंगरातल्या एका गोंड गुड्यावरची, चाळीस झोपड्यांच्या वस्तीतली एकशिक्षकी मराठी शाळा. लेकीला सासूबाईंकडे ठेवायचं ठरलं. नवरा पंधरा दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. तरी मी ऐकलं नाही, कारण ती बाबांची शाळा होती.

बाबा तिथे अकरा वर्षं गुरुजी होते. आम्ही तेव्हा भैंशाच्या बाजूला आईच्या गावी राहायचो आणि बाबा महिन्यातून एकदा घरी यायचे. सडक पायथ्याशी संपायची, पुढे पायी. वाटेत दोन मुक्काम, तिसऱ्या दिवशी शाळा. बाबा घरी आले की जेवणं झाल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांना खेटून बसायचो आणि ते सांगायचे. पहिल्या मुक्कामाचा म्हातारा कसा आढ्याला ढोल टांगून ठेवतो, मोहाच्या झाडाखाली अस्वल कसं बसलं होतं, नाला कसा सगळी वाट उजव्या हाताला सोबत करतो. मला सगळ्यात आवडायचं ते पोरांच्या मोजणीचं. तिथली पोरं आठपर्यंत आपल्या बोटांवर मोजतात आणि नऊ-दहासाठी शेजारच्याची दोन बोटं धरतात. मी विचारायची, का? बाबा म्हणायचे, त्यांची रीतच तशी. मी पहिलीच्या वर्गाला शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी पोरांना ही गोष्ट सांगितली होती.

रुजू व्हायच्या आधी मी घरी हट्ट धरला की मला शाळेवर पोचवायला सगळ्यांनी यायचं, आणि जुन्या वाटेनं, त्याच झोपड्यांत मुक्काम करत. बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी आधी गुडघे दाखवले. मग म्हणाले, आता अर्ध्या वाटेपर्यंत जीप जाते. मग म्हणाले, ती माणसं तरी कुठे असतील आता.

"काऊन हट्ट करून राह्यली?" आई म्हणाली. "त्याईचं वय पाह्य."

मला वाटलं, दोघंही थकलीत. भावाने कचेरीतून आठवड्याची रजा काढली, पाठीवर सतरंज्या बांधल्या आणि आम्ही चौघं निघालो. ज्वारी कापणीला आली होती, सकाळी अंगात स्वेटर लागत होता. बाबा पुढे, हातात काठी, आणि मी त्यांच्या मागे. इतकी वर्षं ऐकलेली वाट पायाखाली आली म्हणून मी मनातून हरखले होते.

दुपारी माझ्या लक्षात आलं की नाला डाव्या हाताला आहे. बाबांना म्हटलं, तुम्ही तर उजव्या हाताला सांगायचात. ते म्हणाले, पाण्यानं पात्र बदललं असेल. भाऊ हसून म्हणाला, "ताई, वर जाताना डावा तोच खाली येताना उजवा. गणिताची मास्तरीण नं तू?" मीही हसले. बाबा हसले नाहीत, पण दम लागला असेल असं मी समजले.

पहिल्या मुक्कामाचा म्हातारा जिवंत होता आणि ढोल आढ्यालाच होता. बाबांनी अंगणात उभं राहून दोन्ही हात जोडले, जय भीम म्हणाले आणि घरून ठरवून आणल्यासारखं बोलले, "मी इथला जुना गुरुजी. ही माझी लेक, आता हीच येणार शाळेवर. लक्ष ठेवा." म्हाताऱ्यानं पाय धुवायला पाणी दिलं, खाट टाकली आणि बाबांकडे नीट बघून विचारलं, "राम राम सायब. आताबी तपासणी हाय का?"

"म्हातारा फार थकला," बाबा आमच्याकडे वळून म्हणाले. आई पाय धूत होती, ती बराच वेळ धूतच राहिली.

दुसऱ्या दिवशीची चढण अवघड होती. दुसऱ्या मुक्कामाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घरची बाई माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी असेल. ती शाळेच्या गुड्यावरची लेक, इथे दिलेली. बाबांनी तिलाही हात जोडले आणि तेच म्हणाले, मी जुना गुरुजी, ही माझी लेक. तिनं पदर सावरून मान हलवली आणि चूल पेटवली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. पाहुणे किती आणि घरचे किती, भाकरी किती टाकायच्या, याचा ती हिशेब करत होती. अंगठ्यापासून एकेक बोट दुमडत आठवर आली, आणि तिनं सहज माझा हात ओढून माझी दोन बोटं दुमडली. "नऊ, दहा. दहा टाकतो," ती म्हणाली.

 मला वाटलं, गोष्ट खरी होऊन माझ्या हाताला लागली. मी तिला विचारलं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं ना?

"हो. गुरुजीनं."

"पण दोन बोटं दुसऱ्याची का?"

तिला माझा प्रश्नच कळेना. "गुरुजीले आठच बोटं व्हती ना," ती म्हणाली. "ते म्हणत, माही मोजणी आठवर सरते, पुढची तुमी पुरी करा. मंग आमी त्यायले दोन बोटं देत जावो."

बाबा दाराशी खाटेवर बसून पाणी पीत होते. लोट्याभोवती त्यांची दहाच्या दहा बोटं मला दिसत होती.

आठ बोटं आमच्याही घरात होती. ती माझ्या मामाची. भैंशाच्या एका जिनिंगमध्ये हमाली करताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा तो नुकताच मॅट्रिक झालेला. त्यानंतर त्यानं काही काम धरलं नाही, असं आम्हाला माहीत होतं. महिना महिना गायब असायचा. बाबा घरी यायचे त्याच दोन दिवसांत तोही उगवायचा, आणि गावातले म्हणायचे, भाऊजीच्या ताटावर डोळा आहे. आम्ही पोरं त्याला आठबोट्या म्हणायचो. तो हसायचा आणि कोपऱ्यात बसून, बाबा गोष्टी सांगत असताना, ऐकत राहायचा. अस्वलाची गोष्ट बाबांनी एकदा वाढवून सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "एवढं मोठं नसंन जी ते." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. चौदा वर्षांची असताना मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं, "मामा, तू बाबांसारखं काही करणार की नाही कधी?" तो म्हणाला, "करीन नं बाई. पुढच्या साली."

दोन वर्षांपूर्वी तो गेला. मला दहावीच्या पेपरची ड्युटी होती. रजा मिळाली असती, मी मागितली नाही. रिकामटेकड्या माणसाच्या मयतीला काय जायचं, असं मला वाटलं होतं. लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

 तिसऱ्या दिवशी सकाळी वाटेला लागल्यावर, घर मागे दिसेनासं झालं तेव्हा, मी बाबांच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तुम्ही किती दिवस शिकवलं इथे?"

त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "पहिला महिनाभर," ते म्हणाले. मग ताप आला, डोंगरी ताप, मरतामरता वाचले. पुन्हा वर जायची हिंमत झाली नाही. तालुक्याला खोली केली, तिथल्या एका कचेरीत लिखापढी करून देऊ लागले. मामा रिकामाच होता, त्याला आपल्या जागी वर पाठवलं. तपासणी असली की तेवढे ते स्वतः साहेबांसोबत वर जायचे. महिनाअखेर मामा हजेरी घेऊन खाली यायचा, खोलीवर बसून सगळं सांगायचा आणि ते सही करायचे.

"म्हणून नाला उजव्या हाताला," भाऊ हळूच म्हणाला. मामा खाली येतानाची वाट सांगायचा.

"मी कोणाचं काही बुडवलं नाही," बाबा म्हणाले. "शाळा कधी बंद पडली नाही. सही माझीच होती."

आयत्या बिळावर नागोबा असतात हे मला माहीत होतं. पण बीळ दुसऱ्याचं, आणि त्या बिळातल्या अंधाराच्या गोष्टीही आपल्याच, असा नागोबा मी पहिल्यांदा पाहत होते. पगार त्यांनी घेतला याचा मला तेवढा राग आला नाही. त्यांनी अस्वल घेतलं, ढोल घेतला, दोन बोटं घेतली, आणि ज्याची होती त्याला कोपऱ्यात बसवून ऐकायला लावली. त्या गोष्टींवर मी माझी शाळा निवडली होती, लेकीला सासूबाईंकडे ठेवलं होतं. मला फसवलं होतं, आणि तेही दर महिन्याला, जेवणानंतर, मांडीवर घेऊन.

मी आईकडे वळले. तिला तरी माहीत नसेल अशी आशा होती. ती दगडावर बसली होती.

"त्याच्याजवळ नोकरीचा कागद नव्हता, तुह्या बाबाजवळ हिंमत नव्हती," ती म्हणाली. "दोघायचा मिळून एक मास्तर झाला."

"आणि नाव एकाचंच झालं."

"त्यानंच सांगतलं व्हतं, पोरायले कळू देऊ नको, भाऊजीची नोकरी जाईन."

"नोकरी संपून सहा वर्षं झाली. तो मेला तेव्हा तरी सांगायचं होतंस. मी आले असते."

"सांगावं वाटलं व्हतं," आई म्हणाली. "तुहा फोन आला तवा तुहे बाबा बाजूले उभे व्हते."

तो तिचा पाठचा भाऊ होता. गाव त्याला ताटावरचा पाहुणा म्हणत होतं आणि ती त्याच ताटात मुकाट वाढत होती. बाबांचं मी एक वेळ समजू शकते, माणूस भितो, मग खोटं बोलतो, मग त्या खोट्यातच राहायला लागतो. आईचं मला अजून समजलेलं नाही. त्या वाटेवर मी तिला उठायला हात दिला नाही, भावानं दिला.

पुढची चाल आम्ही एकमेकांपासून लांब लांब चाललो. परत फिरावं असंही मनात आलं. ज्या माणसाच्या मागे मी इथवर आले तो इथला कधी नव्हताच, मग मी कशाला जायचं? पण पाय पुढेच पडत होते. खाली निर्मलला मी ज्यांना सोडून आले होते त्यांना काय सांगायचं, तेही सुचत नव्हतं.

दुपारी गुड्यावर पोचलो. शाळेची एक खोली, पुढे चिंच, आणि शाळेला लागून एक झोपडी. शाळेवरच्या गुरुजीनं त्याच झोपडीत राहायचं, असा इथला रिवाज. झोपडीतली आजी पार वाकलेली होती, पण डोळे लख्ख होते. पोरं गोळा झाली. भावानं सतरंज्या खाली ठेवल्या. बाबांनी सवयीनं हात जोडले. तिसऱ्यांदा. इतकं होऊनही ते बोलायला लागलेच, "मी इथला..."

मी त्यांच्या पुढे झाले. "आजी," मी म्हटलं, "मी गुरुजींची भाची. उद्यापासून शाळेवर."

बाबांचे जोडलेले हात तसेच राहिले, मग सावकाश सुटले. आई तोंडाला पदर लावून चिंचेकडे वळली.

आजीनं माझे दोन्ही हात हातात घेतले, पालथे केले, बोटं चाचपली. "आठ बोटाच्या गुरुजीची?"

"हो."

"म्या त्याचं घोंगडं जपून ठेवलं हाय," ती म्हणाली. "पुढच्या साली येतो म्हणून गेला. कवा येऊन राह्यला तो?"

तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? मी बाबांकडे पाहिलं. अकरा वर्षं त्यांनी मामाच्या सगळ्या गोष्टी आपल्या म्हणून सांगितल्या होत्या. ही एक त्यांना सांगता येईना. ती आजीजवळ बसून मी सांगितली.