आक्काचं वर्ष

“वा. सोलायचं काम तुला शिकवायला नको. रक्तातच आहे तुमच्या.”

बायॉलॉजीचे सर माझ्या टेबलाशी थांबून हे म्हणाले. समोर ट्रेमध्ये बेडूक उताणा टाचलेला. कातडी मी एका रेषेत कापली होती, आतलं काही फाटलं नव्हतं. सरांना कौतुकच करायचं होतं. वर्ग हसला. मुली जरा कमी हसल्या. मी मान वर केली नाही. पुढची टाचणी उचलली आणि टोचली.

सरांचा आवाज बसला होता. आदल्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत ते आमच्या पुढेच उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन देऊन घसा गेला होता. मी वडिलांबरोबर गेले होते. आबांनीही घोषणा दिल्या, खोकत खोकत. मैदानात आम्ही सगळे मराठी. वर्गात मी एकटी ‘तुमच्या’तली.

काळाचौकीत चाळीत आमची खोली. आबा मिलमध्ये रिंग खात्यात, सूत कातायला. जास्त पगार कापड विणायच्या खात्यात, पण तिथं आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, ते आमच्या तोंडानं बाटेल म्हणून. कापसाच्या धुळीनं आबांची छाती गेली होती. खाडे पडायचे. आई मी लहान असताना गेली. म्हणून मोठी बहीण, आक्का, शाळा सोडून मिलमध्ये वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामाला लागली. घर तिच्यावर, माझी फी तिच्यावर. तिचं लग्न वरळीच्या एका मुलाशी ठरलं होतं. गोदीत कामाला होता. धाकटी मेडिकलला लागली की लग्न, असा शब्द झाला होता.

तेव्हा इंटरच्या मार्कांवर मेडिकलला घेत. निकाल लागला. मी पास झाले, पण सीटला मार्क कमी पडले. परत इंटरला बसायचं, नाहीतर डॉक्टरकीचा नाद सोडायचा.

सरांनी घरी बोलावलं. शिवाजी पार्कला, दुसऱ्या मजल्यावर. बाईंनी चहा दिला. सर चांगलं बोलत होते. परत बसायची काही गरज नाही म्हणाले. तुमच्या लोकांसाठी सवलतीच्या जागा आहेत, त्यात तुझे मार्क सहज बसतात. फी माफ, वर स्कॉलरशिप. फक्त फॉर्मवर हिंदू लिहायचं, आणि पुढे जुनी जात.

मी म्हटलं, आम्ही दीक्षा घेतलीय. बौद्ध आहोत.

“बौद्धांना सवलत नाही. शाळेच्या दाखल्यावर जुनंच आहे ना? मग खोटं काय त्यात? देव टाकलेत तुम्ही, जात कशी टाकाल? जे आहात ते लिहायला लाज कसली?”

घरी विचारून सांगते, असं मी म्हटलं. चहा संपवला. जिना उतरताना मला राग आला नव्हता. खरं सांगते, हायसं वाटलं होतं. आक्का सुटेल, एवढंच डोक्यात होतं.

घरी सांगितलं. आक्का भाकरी थापत होती. ती लगेच म्हणाली, लिही. एका शब्दानं आपण बदलत नाही. स्कॉलरशिप आली की माझे हात मोकळे. तिनं वर पाहिलं नाही, पण तिचा आवाज हलका झाला होता. किती महिन्यांनी तसा ऐकला.

आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या डोक्यावर देवांचा कोनाडा, रिकामा. देव त्यांनीच गाठोड्यात बांधून समुद्रात सोडले होते. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी मिलमध्ये जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं, जुन्या नावानं हाक मारली, तर हे जागचे हलले नव्हते. दंड भरला, हलले नव्हते.

“लिही बाय,” ते म्हणाले. “मी आडवणार नाय.”

उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी त्यांची पाठ बघितली. तो माणूस कुणापुढं वाकला नव्हता. माझ्यासाठी वाकायला तयार होता, आणि ते मला दिसू नये म्हणून पाठ करून उभा होता.

तिथं मला कळलं. सरांनी आम्हाला सीट नव्हती दिली. आम्ही आमच्या हातानं परत खाली बसावं, एवढंच मागितलं होतं. आणि आम्ही तिघं आपल्या खोलीत, कुणी न मारता, बसत होतो.

मी सरांकडे गेले. त्यांच्यासमोर फॉर्म भरला. बौद्ध, असं लिहिलं. आक्काला विचारलं नाही. विचारलं असतं तर लिहू शकले नसते.

सरांनी वाचलं. म्हणजे सीट सोडलीस, म्हणाले.

“परत परीक्षेला बसते, सर.”

“बहिणीच्या जिवावर?”

जे मी स्वतःला विचारायला घाबरत होते, ते त्यांनी विचारलं. खरं होतं ते. पण विचारायचा हक्क त्यांना नव्हता. ते आमचं आम्ही बघू, एवढं बोलून निघाले.

आक्का पाळीवरून आली तेव्हा तिला सांगितलं. ती ओरडली नाही. केसांतला कापूस वेचत बसली. मग म्हणाली,

“मला विचारायचंस. माझं वर्ष होतं ते.”

वरळीचे थांबले नाहीत. मुलगा वाईट नव्हता. आईपुढं त्याचं चाललं नाही. दिवाळीच्या आत दुसरीकडे लग्न लागलं. आक्का त्या दिवशीही कामाला गेली.

मला पुस्तक धरवेना. डब्यात भाकरी दिसली की वाटायचं, हिचीच खातेय. शेवटी एके दिवशी तिला म्हटलं, मी सोडते, तुझ्याबरोबर मिलमध्ये येते.

तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, माझ्या मांडीवर आपटलं.

“आता सोडलंस तर माझं लग्न फुकट मोडलं.”

मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर तिनं दिली असती, आणि मी मोकळी झाले असते. मला मोकळं व्हायचं नव्हतं.

परीक्षेचा फॉर्म भरला. यंदा मार्क कमी पडले तर पुढल्या वर्षी बसेन. तेव्हाही पडले तर त्याच्या पुढल्या. शब्द तोच लिहीन. आक्काचं वर्ष मी घेतलं, ते मला परत देता येणार नाही. म्हणून मला मागे फिरताही येणार नाही. फिरणार नाही.