तिसऱ्या हाकेला

धाकट्या दिराचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना केबलच्या टोकाला क्लिप दाबून बसवायला शिकवत होते. “वहिनी, आई गेली,” तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं, “कोण म्हणालं?” ... त्याला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. चांगलं ऐकू आलं होतं. पण सासूबाईंबरोबर इतकी वर्षं काढल्यावर, बातमी कोणाकडून आली हे आधी विचारायचं आणि मग ती खरी मानायची, हे अंगात मुरलं होतं. स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा आईंनी अशीच उलटसुलट तपासून घेतली असती.

पोलादपूरहून आंबेनळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. सासरे आधीच गेलेले, नवरा आणि दीर मुंबईत नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आईंचा संशय सगळ्यांवर सारखाच. शेजारणीने पडवळ आणून दिलं, तर ती पाठमोरी होताच, “आजच कशी आठवण झाली?” डॉक्टरने गोळी बदलली तर जुनीचं काय चुकलं होतं, हे त्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. देवळातल्या गुरवाने लावलेला कौलसुद्धा त्या पुन्हा लावायला सांगायच्या. मला आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं.

डिप्लोमा करून मी लग्न होऊन आले आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. त्याला कोणी आडकाठी केली नाही. खरी पंचाईत झाली ती तिसऱ्या वर्षी, कॉम्प्युटर नेटवर्किंगची मूलतत्त्वं हा विषय आल्यावर. आमचे सर जादा तास संध्याकाळी ऑनलाइन घ्यायचे आणि रेंज यायची फक्त खळ्यात. मी खळ्यात फोन घेऊन बसले की आई वाल निवडायला नेमक्या शेजारी. वहीत मी सात थरांची आकृती काढली, तर म्हणाल्या, “ही उतरंड कसली?” मी समजावलं, एका संगणकाचा निरोप या थरांतून खाली उतरतो आणि दुसऱ्याच्या थरांतून वर चढतो. त्यांनी मान हलवली, पण डोळे फोनवर. “ह्यो बाप्या रोज बोलतो नि तू एक अक्षर बोलत नाय. असं कसं गो?” माझा माइक बंद असतो, हे त्यांना पटेना. त्यातून भावकीतल्या एकाने कानात घातलंच होतं, की शिकली की सून मुंबईला जाईल आणि म्हातारी राहील एकटी. आई मला काही बोलल्या नाहीत. पण “तुझी शाळा संपायची कधी?” हे मात्र रोज विचारायला लागल्या.

एका तिन्हीसांजेला रेंज सारखी तुटत होती. “ऐकू येतंय का?” सर विचारत होते. मी उत्तर द्यायला माइक चालू केला, तर आईंनी माझा हात धरला. “पहिल्या हाकेला ओ देऊ नको.” आमच्याकडे रीतच आहे ती. अंधार पडताना रानाच्या बाजूने कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहायचं. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. योगायोग असा, की त्या दिवशी आम्ही शिकत होतो ते दोन संगणकांचं बोलणं सुरू कसं होतं हेच. मी सांगितलं, “आई, पहिला विचारतो, बोलू का? दुसरा म्हणतो, बोल, पण माझं तुला पोचतंय का? पहिला म्हणतो, पोचतंय. असे तीन निरोप झाल्याशिवाय हे कामाचं काही बोलतच नाहीत.” आमच्या हाकांसारखं अगदी तंतोतंत नाही ते, पण आईंनी वाल बाजूला ठेवले. “म्हंजे तिकडंपण कोणाचा कोणावर इस्वास नाय?”

“नाही.”

“मग बरोबर हाय. शीक.”

त्यांचं ‘शीक’ किती खरं, ते शिमग्यात कळलं. गावदेवीची पालखी आमच्या दारी यायची त्याच दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा आली. ती बुडली असती तर वर्ष गेलं असतं. चुलत सासरे ओटीवर येऊन बसले. “सून नाय तर देवीची ओटी कोन भरनार? तुला तर चालत नाय.” आई विधवा, म्हणून चालत नाही. मी पदर खोचून आतच उभी होते, मनातून परीक्षा सोडून दिलेली. आई म्हणाल्या, “मी भरीन. देवीला काय शंका असंल तर ती मला इचारील. तुमी मधी पडू नका.” मग आत वळून मला म्हणाल्या, “गाडी चुकंल गो तुझी.” पुढे कित्येक महिने वाडीत यावरून कुजबुज चालली होती. आईंनी एका शब्दाने विषय काढला नाही.

पदवीनंतर पुण्याची नोकरी चालून आली. मी त्याच दिवशी आईंना सांगितलं, की मी जाणार नाही, महाडजवळच्या कॉलेजात शिकवीन. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुला ऱ्हायला कोनी सांगितलं?” कोणी नाही, म्हटलं. “मग का ऱ्हातेस?” मला इथलं आवडतं, म्हटलं. ते काही त्यांना पटलं नाही. खरं तर मला त्या आवडायच्या. पण तसं सांगितलं असतं तर संशय वाढलाच असता.

तेव्हापासून रोज सकाळी माझी पिशवी रस्त्यापर्यंत त्याच घेऊन यायच्या. “उतार हाय, तुझा पाय घसरंल,” म्हणायच्या. पण मी ओळखून होते. लॅपटॉप, पुस्तक आणि डबा, एवढ्याचं वजन त्यांच्या हाताला पाठ होतं. एकदा स्नेहसंमेलनासाठी मी आत साडी ठेवली, तर अंगणातच थांबल्या. “आज जास्तीचं काय हाय?” मी उघडून दाखवलं. त्यांनी साडीखाली हात घालून चाचपलं, आणि मगच पायवाटेला लागल्या. मी कुठे निघून जाणार नाही, याची त्यांना शेवटी तरी खात्री पटली होती का... आता कोणाला विचारू?

कार्य उरकलं, माणसं मुंबईला परतली. त्यानंतर पहिल्यांदा कॉलेजला निघाले. डबा भरला, दाराला कडी घातली, चपला घातल्या आणि पायवाट उतरून रस्त्यावर आले. एसटी समोर थांबली, कंडक्टरने दार उघडलं, तेव्हा लक्षात आलं, की माझे दोन्ही हात रिकामे आहेत आणि पिशवी वर ओटीवरच राहिली आहे.