कळवलेली आग

संस्थानी काळात, महाराजांच्या राज्यात, घराचा विमा उतरवणं म्हणजे पैसे उधळायचा नवा छंद, असं आमच्या मंगळवार पेठेचं ठाम मत होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो उतरवला तेव्हा लोक तोंडावर हसले. आबा महाहट्टी. एकट्यानं हसं करून घेणं त्यांना मानवेना, म्हणून त्यांनी शेजारच्या रंगारी चाचांनाही गळ घातली. आमची दोन्ही घरं एकाच आढ्याखाली, मधली भिंत सामाईक. चाचांचं सगळं घरातच: भट्टी, रंगाच्या कढया, रंगवायला आलेली लोकांची लुगडी. विम्याची खरी गरज तुम्हालाच हाय, असं आबांनी पटवलं आणि चाचा भिडेखातर तयार झाले.

वर्षाच्या आत आमच्याच चुलीची ठिणगी उडाली आणि वरचे दोन-चार वासे जळाले. चाचांनीच घागरी ओतून आग विझवली. दुसऱ्या दिवशी वासे बदलून द्यायला ते सुताराला घेऊन दारात हजर. विम्याचा एजंटही आबांना बाजूला घेऊन म्हणाला, एवढ्याशासाठी कंपनीला कळवू नका, पुढं हप्ता वाढतो. आईनं सांगून पाहिलं. पण ऐकतील ते आबा कसले! त्यांना पैसे नकोच होते हो, त्यांना पेठेला दाखवायचं होतं.

मुंबईहून कंपनीचा साहेब आला. त्यानं वासे बघितले, आढं बघितलं आणि त्या आढ्याच्या मागोमाग थेट चाचांच्या भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. यथावकाश पैसे आले. आबांनी पेढे वाटले, हसणाऱ्यांच्या घरी आधी.

पुढच्या वर्षी हप्ता वाढला. आमचा वाढला ते एक वेळ ठीक. चाचांचा त्याहून जास्त वाढला. आढं एक, शेजारी आग लागून गेलेली, शिवाय घरात भट्टी. ज्या माणसाची काडीसुद्धा जळली नव्हती, त्याला हा भुर्दंड. वाढीव रक्कम मी भरतो, असं आबा एकदा म्हणाले. घर माझं आन् हप्ता तुम्ही भरायचा व्हय, म्हणून चाचांनी हसून विषय मिटवला आणि विमा सोडून दिला. आबांनी आणखी एकदा हट्ट धरायला हवा होता. नको तिथं धरला, हवा तिथं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

उन्हाळ्यात चाचांच्या भट्टीनं पेट घेतला. वारा आमच्याकडून तिकडं वाहत होता, म्हणून आम्ही वाचलो. चाचांचं घर गेलं. लोकांची लुगडी गेली, त्यांची भरपाई वेगळीच डोक्यावर बसली. आमची म्हणाल तर मधली भिंत तडकली आणि आढ्याचं टोक करपलं, एवढंच.

सगळं विझल्यावर चाचा आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. तोंडावर राख तशीच. आबा समोर उभे होते. चाचांनी वळून भिंतीकडं पाहिलं, तिच्यावरून हात फिरवला आणि अगदी कळवळून म्हणाले, "भाऊ, तुमची भिंत पार भेगाळलीया. उशीर करू नका, कंपनीला कळवा की."

तो टोमणा असता तर आबांनी सोसला असता. पण चाचा मनापासून बोलत होते. आबा आत गेले, आणि आईच्या देखत लहान पोरासारखे रडले.