टॉवेलाखालचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीचा चेहरा समोर आला की माझ्या तोंडून तेच जुनं खोटं बाहेर पडतं — इतकं सफाईनं, की कधीकधी मलाच ते खरं वाटतं.

आधी सगळ्या गल्लीला ठाऊक असलेलं सांगतो. आमच्या दस्तगीरचाचांचा उजवा हात नऊ वर्षांपूर्वी माझ्या दुकानात कामातून गेला. काचांचा गठ्ठा हातावर पडला, असं मी सांगितलं. चाचाही तेच म्हणाले. दवाखान्याचा सगळा खर्च मी केला आणि माझं नाव झालं — बाळासाहेब तापट खरा, पण मनानं मोठा. हे ऐकलं की मी मान खाली घालतो. लोकांना ती नम्रता वाटते.

काच पडलीच नव्हती.

पण थांबा — मला हे सरळ सांगता येत नाही. जरा वळसा घेऊ द्या.

मी मुरगूडचा. वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. तुम्ही तो सौदा पाहिला असेल. दोघांचे हात एका टॉवेलाखाली. वर गप्पा पाऊसपाण्याच्या, पोरीच्या सोयरिकीच्या, आणि खाली बोटं भाव करतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मी सातव्या वर्षी ते शिकलो. पुढं सायकलवर भंगार गोळा करत कोल्हापुरात आलो. माणसाला काय विकायचंय त्यापेक्षा का विकायचंय हे मी आधी बघतो, म्हणून सायकलीवरून इथवर आलो. आज लक्ष्मीपुरीत माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे — घड्याळं, दिवे, आरसे, शिसवी कपाटं. पण माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. हमालाच्या कानाखाली वाजवलीय, एका गिऱ्हाइकाच्या अंगावर त्यानंच नाकारलेली खुर्ची फेकलीय. लोक हसतात. आमच्याकडं रागीट माणसाचं कौतुकच असतं, नाही का?

चाचांचं फ्रेमचं दुकान माझ्या भिंतीला लागून. फ्रेम हा नुसता धंदा. खरा हात कागदावर. बुरशी लागलेला, वाळवीनं खाल्लेला कागद ते धुवून, मागून चिकटवून उभा करायचे. उडालेला रंग असा भरायचे की भिंग लावूनही कळू नये. जुनं काय आणि जुन्यासारखं काय, हे मला त्यांनी शिकवलं. मी भंगारवाला होतो तेव्हा मला शेजारी बसवून चहा पाजणारा हा एकच माणूस. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढं लागेल म्हणून नाही — लिहायला नको वाटतं म्हणून.

मोठं गिऱ्हाईक आलं की मी चाचांना बोलवायचो. काउंटरवर टॉवेल, त्याखाली आमचे हात. चाचा वस्तू बघायचे आणि खाली माझा अंगठा दाबायचे — अस्सल. करंगळी दाबली तर नंतर हात फिरवलेली, म्हणजे अस्सल नाही. वर मी हवं ते बोलायचो. खरं खाली, खोटं वर. बारा वर्षं चाललं. चाचा वर कधी काही बोलले नाहीत. विचारलं तरी म्हणायचे, ‘‘मालकांस्नी इचारा.’’

मग ती चित्रं आली. कसबा बावड्याला एक बंगला पाडून फ्लॅट करायचे होते. अडगळीची खोली मी उचलली, रद्दीच्या भावात. त्यात चपटी लाकडी पेटी निघाली, आणि पेटीत विलायती छापील चित्रं. अठरा. चाचांनी एक उजेडात धरलं, कागदाच्या कडेला उमटलेला दाब बोटानं चाचपला आणि म्हणाले, ‘‘तांब्याच्या पत्र्यावरनं छापलंय. कागद हातचा हाय. लई जुनं.’’ अडीचशे वर्षांपूर्वीची निघाली.

काय चित्रं होती! एका बाईचे केस एवढे उंच की न्हावी शिडीवर चढून फुलं खोचतोय. दोन मासेवाल्या एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत आणि भोवतीची माणसं पैजा लावताहेत. सुजलेला पाय उशीवर ठेवून एक जाडा बोंबलतोय, कारण कुत्र्यानं नेमकी त्याच पायावर उडी घेतलीय. आणि एक दात उपटणारा — गिऱ्हाइकाच्या छातीवर गुडघा रोवून, पकड तोंडात घालून ओढतोय. त्या माणसाचा जबडा कानापर्यंत फाटलाय, डोळे बाहेर आलेत, आणि मागं त्याची बायको आरशात बघून पावडर लावतेय. राजाराणी नाही, लढाई नाही. शिंपी, न्हावी, खानावळवाला, सावकार — रोजची माणसं. आणि तीच माणसं ही चित्रं दुकानातून विकत आणून स्वतःवर हसायची म्हणे. मला ते कळलंच नाही. माझ्यावर कुणी हसलं तर मी पैसे देऊन ते भिंतीवर लावीन?

एका चित्रात घोड्यांचा दलाल होता. फुगलेलं तोंड, पोट कोटातून फुटलेलं, एका हातानं लंगड्या घोड्याची शेपटी वर उचललेली, दुसरा हात गावंढळ गिऱ्हाइकाच्या खांद्यावर. चाचा ते बघून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. ‘‘बाळासाब, ह्यो तर तुम्हीच की! तुमास्नी त्यांनी बघितलं कवा?’’ गल्लीतली चारपाच माणसं होती. सगळी हसली. मीही हसलो.

आतून जे पेटलं ते विझलं नाही. मला अजून त्यातल्या प्रत्येकाचं हसू वेगळं आठवतं. माझ्या बापाचा धंदा तो. मी त्यातून वर आलो होतो, आणि ह्या माणसानं एका कागदानं मला परत बाजारात उभं केलं. शिवाय बाहेरची गिऱ्हाइकं चाचांना कलाकार म्हणायची आणि मला ‘अहो दुकानदार’. वस्तू माझी, दुकान माझं, जोखीम माझी. ही माझी तक्रार. ती खरी होती, अजूनही आहे. पण तक्रार खरी असली म्हणून पुढचं सगळं खरं होतं का?

अठरातली सहा चित्रं रंगीत होती, बाकी काळी. त्या काळी विलायतेत दोन्ही विकायचे — काळं स्वस्त, हातानं रंगवलेलं महाग. आजही तसंच. मी चाचांना म्हणालो, काळ्यातली चार रंगवा. त्यांनी उन्हाळाभर बसून रंगवली. घोड्यांचा दलालही. त्याचं तोंड लालभडक त्यांनीच केलं. मी ठरवलं, रंगही तेव्हाचेच म्हणून विकायचे. चाचांना तसं सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मी हो धरलं.

पुण्याहून एक बाई आल्या. असल्या चित्रांचा संग्रह करणाऱ्या. दुपारची वेळ, रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट. काउंटरवर टॉवेल, खाली आमचे हात. बाईंनी नेमका दलाल उचलला. भिंग लावलं आणि मला सोडून चाचांनाच विचारलं, ‘‘हे रंग मूळचेच ना?’’

खाली चाचांनी माझी करंगळी दाबली. म्हणजे मला सांगत होते — खोटं आहे हे. जसं मला ठाऊक नव्हतं! मी त्यांची तर्जनी मुठीत धरली. बोला, मूळचे म्हणा. जोरात दाबली.

चाचा वर बोलले. बारा वर्षांत पहिल्यांदा.

‘‘न्हाय बाई. मी भरलेत. गेल्या उन्हाळ्यात.’’ आणि मग हसून, ‘‘तोंड आमच्या मालकांचं बघून रंगवलंय.’’

बाई हसल्या. माझ्याकडं बघून, चित्राकडं बघून, परत माझ्याकडं बघून. मी चाचांची तर्जनी मागं वाकवली. ती जिथवर जाते तिथवर गेली, आणि त्याच्याही पुढं. काडकन वाजलं. भिंतीपलीकडं फ्रेमच्या पट्ट्या रोज मोडतात. बाईंनी मान वळवली नाही. चाचांनी तोंड उघडलं. दात उपटणाऱ्याच्या चित्रातल्या माणसासारखं, पूर्ण. आवाज आला नाही.

बाईंनी त्या दिवशी सात चित्रं घेतली. सगळी चाचांनी हात न लावलेली. म्हणाल्या, खरं सांगणारं दुकान आहे, विश्वास बसला. पुढं त्यांनी आणखी गिऱ्हाइकं पाठवली. आज माझं जे नाव आहे ते त्या एका ‘न्हाय बाई’वर उभं आहे. हे माहीत असूनही चाचांवरचा माझा राग गेला नाही. कळतंय ना, मी कसला माणूस आहे ते?

बाई गेल्या. दवाखान्यात जायला आम्ही दोघं रिक्षात बसल्यावर मी चाचांना म्हणालो, काच पडली म्हणून सांगू. विचारलं नाही, सांगितलं. सौदा मिटवतात तसं. त्यांनी हात टॉवेलात गुंडाळला होता. एवढंच म्हणाले, ‘‘काय सांगायचं ते सांगा. तुमास्नीच जमतं.’’

बोटं जुळली, पण वाकडी. ब्रश धरता येईना. डाव्या हातानं सहा महिने प्रयत्न केला. रंग रेघेबाहेर जायचा. एक दिवस ब्रशांचा डबा मुलीच्या हातात दिला आणि परत मागितला नाही. मुलगी रेश्मा. आता तीच फ्रेमचं दुकान चालवते, काच कापते, चित्राभोवतीचं पुठ्ठ्याचं माउंट कापते. चाचा बाहेर खुर्चीवर बसून असतात. ईदला माझ्या घरी शीरखुर्मा येतो. मी तो खातो.

गेल्या आठवड्यात रेश्मा माझ्या दुकानात आली. मागून चाचाही आले, दारातल्या स्टुलावर बसले. ती काउंटरला टेकून म्हणाली, ‘‘काका, एक इचारू? रागाला येऊ नगा.’’

‘‘इचार की.’’

‘‘मी पंधरा वर्सं काच कापतोय. हे बघा माझं हात.’’ तिनं दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. पांढऱ्या, गुलाबी, जुन्या, नव्या रेघाच रेघा. ‘‘काच पडली की कातडं फाटतं. अब्बांच्या बोटावर एक वळ न्हाय. आन् गठ्ठा पडला तर दोनच बोटं कशी मोडली? बाकीची कुटं गेलती तवा?’’

नऊ वर्षं मी काच विकली — काच कापणाऱ्यांच्या घरात. एवढा हुशार मी.

मी चाचांकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते. म्हणाले, ‘‘मला नगं इचारू, रेश्मा. त्यांस्नी म्हाईत हाय.’’ मला संधी देत होते. हे मला तेव्हाच कळलं, नंतर नाही.

मी ओरडलो. तुझ्या बापाचं औषधपाणी कोण करतंय, दवाखान्यात कुणी नेलं, उपकार विसरलीस — जे जे घाण तोंडात येतं ते सगळं. चहाचा कप भिंतीवर फेकला. तो तिच्या डोक्याशेजारी फुटला. ती हलली नाही. अंगावरचा चहा ओढणीनं पुसला, म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि बापाला उठवून घेऊन गेली. तिला आता सगळं कळलंय, असं मला वाटतं.

पण सगळं नाही. ती म्हणाली तेच — दोन बोटं. मी तुम्हाला आत्तापर्यंत एकच सांगितलं. ते रागात गेलं. तेवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. डोकं फिरलं, हातून घडलं.

तर्जनी मोडल्यावर बाई चित्र घेऊन दाराच्या उजेडाकडं गेल्या. पाठ आमच्याकडं. राग तेव्हा ओसरला होता. हे मी शपथेवर सांगतो — माझं डोकं थंड होतं, मला रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येत होता. चाचांचा हात अजून माझ्या हातात होता. ते सोडवून घेत नव्हते. त्यांना वाटलं असेल, झालं. मी विचार केला, तर्जनी गेली तरी हा माणूस ब्रश धरील. ब्रश टेकतो मधल्या बोटावर. तिथं त्यांना घट्टा होता, डाळीच्या दाण्याएवढा. टॉवेलाखाली मी तो घट्टा चाचपून शोधला. सापडल्यावर बोट नीट मुठीत घेतलं, बाईंना विचारलं, ‘‘चहात साखर चालते न्हवं?’’ — आणि मोडलं.