खाऱ्या पाण्यावरचा भरवसा

कालवाच्या शिंपल्याने वडिलांची टाच कापली, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "जा, खाडीत पाय बुडवून या."

आम्ही भांडुपच्या खाडीकाठचे कोळी. आमच्याकडे जखमेला हळद नंतर, खारं पाणी आधी. झोंबतं, पण दोन दिवसांत जखम कोरडी पडते. माझ्याही पायांवर लहानपणीच्या असल्या खुणा आहेत. त्यामुळे शिकलीसवरलेली असूनही मला धनुर्वाताचं इंजेक्शन सुचलं नाही. सुचलं असतं तरी वडील हसले असते.

भर पावसात ते अर्धा तास गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पण खाडी आता पूर्वीची कुठे राहिली? तिवरं तोडून भराव टाकला, त्यावर टॉवर उभे केले आणि नाला वळवून थेट आमच्या धक्क्यापाशी सोडला. त्यातून सांडपाणी येतं, तबेल्याचं शेण येतं. कचऱ्यावर पोसलेल्या घुशी तर मांजरांनाही जुमानत नाहीत. हे मला रोज दिसत होतं. नाकाला रुमाल लावून मी बिल्डरला शिव्याही घालायचे. तरी पाणी खारं आहे, हा भरवसा काही सुटला नव्हता.

आठवड्याने ताप चढला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेप्टो आहे. उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात येतो, जखमेतून अंगात शिरतो. कुठल्या पाण्यात गेले होते?"

मी खाडी म्हटलं.

"खाऱ्या पाण्यात तो जंतू फारसा टिकत नाही. पण पावसात तुमच्या खाडीत खारं उरतं किती?"



किडन्या बंद पडत गेल्या. टाचेला नर्सने पट्टी बांधली होती, वडिलांचा सगळा राग त्या पट्टीवर. शुद्धीवर आले की मला म्हणायचे, "पट्टी बांधून पाय कुजवलास गो. खाडीत ठेवला असता तर बरा झाला असता."

चोर सोडून संन्याशाला फाशी. पण ज्या पाण्याने त्यांना जन्मभर पोसलं त्यानेच दगा दिला, आणि तिथे मीच पाठवलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"चुकलं माझं," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला माफ केलं त्यांनी, पण पट्टीबद्दल. दुसऱ्या दिवशी ते गेले.